सईच्या छातीतली गाठ

“मॅडम, आत्ता कुठं दुसरीत आहे ओ पोरगी. एवढ्यात वयात कशी येतेय?” लहानपणी डोक्याला रेडिएशन घेतलेल्या मुलींच्या आया कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आल्या, की हेच विचारतात. त्यातल्या एकीची ही गोष्ट, नाव-तपशील बदलून.

सई साडेसात वर्षांची. चौथ्या वर्षी मेंदूतली गाठ काढली, मग रेडिएशन. आता छाती भरू लागली होती. आज्जींनी दूध-चिकनवर खापर फोडलं होतं. घरात तांबडा-पांढरा शिजे आणि सईच्या ताटात वरणभात. आईचं दुखणं वेगळंच होतं. “रेडिएशनच्या फॉर्मवर सही मीच केली, मॅडम.”

“ती सही केलीत म्हणून ती आज दुसरीत आहे, ताई.”

मग समजावलं. वयात येण्याचा इशारा मेंदूच्या तळातल्या हायपोथॅलॅमसकडून सुटतो आणि लहानपणी त्याला लगाम असतो. रेडिएशननं तो सैल पडू शकतो, मुलींमध्ये जास्त. डोस मोठा असेल तर उलटंही होऊ शकतं. इशारा देणारी यंत्रणाच थकते आणि वयात येणं लांबतं. खाण्यापिण्याचा यात दोष नाही.

आईला पटलं. सई मात्र गप्पच. भर मे महिन्यात दोन शमीज घालून कोपऱ्यात बसायची. सगळे म्हणाले, लाजते. मला ती लाज वाटेना. लाजणारं मूल नजर चुकवतं. ही आईच्या चेहऱ्यावर नजर लावून बसायची. तिसऱ्या भेटीत आईला बाहेर थांबवलं आणि कागद-खडू पुढे ठेवले. सईनं मुलगी काढली, छातीवर काळा ठिपका दिला.

“हे काय गं?”

“गाठ. आईला सांगू नका. ती परत रडंल.”

तपासताना डॉक्टर म्हणाले होते, “गाठ लागतेय हाताला.” स्तनांची वाढ सुरू होताना तशी लागतेच. पण या घरात ‘गाठ’ शब्दाला एकच अर्थ होता. आम्ही मोठी माणसं पाळीच्या काळजीत होतो आणि ती आजार परतला असं समजून, आईला जपत, एकटीच भीत होती. माझी पहिल्यापासून श्रद्धा आहे, की मुलाचं गप्प बसणं हे बहुतेकदा कुणालातरी सांभाळणं असतं. त्या दिवशी ती पक्की झाली.

आईला आत बोलावलं. समजावण्याचं काम मी मुद्दाम तिच्यावरच सोपवलं. तिनं पोरीला मांडीवर घेतलं. “ती गाठ न्हवं बाळा ही. मलापण आलेली. तुला जरा लवकर आली, एवढंच.” सई मग खूप रडली. मी थांबवलं नाही.

तुमच्या घरी असं मूल असेल, तर मुलीत 8 आणि मुलात 9 वर्षांआधी बदल दिसताच बालहार्मोनतज्ज्ञांकडे जा. मुलीला 13 आणि मुलाला 14 पूर्ण होऊनही काहीच नसेल, तरीही जा. रेडिएशन कुठं, किती दिलं याचा कागद सोबत न्या. पोटाला दिलं असेल तर अंडाशयांचीही चौकशी करा. “उंची छान वाढतेय” यावर विसंबू नका. लवकर वयात येताना उंची झपकन वाढते, त्याआड वाढीच्या हार्मोनची कमतरता लपू शकते आणि हाडांची वाढ मात्र लवकर थांबते. म्हणून हाडांचं वय बघायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. गरज वाटली तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन हे बदल थोपवता येतात.

सईचं ते सुरू झालं. परवा तिनंच विचारलं, “इंजेक्शन बंद केल्यावर परत येणार ती गाठ?”

“येणार की. वर्गातल्या मैत्रिणींना येईल, साधारण तेव्हाच.”