गुलाल का फुटतो?

कळव्याहून एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. मुलगा नुकताच बारावी सायन्स झाला. बोर्डात 71 टक्के, एमएचटी-सीईटीला पीसीएममध्ये 84 पर्सेंटाईल, जेईई मेनमध्ये सांगण्यासारखं काही नाही. तो ढोलताशा पथकात वाजवतो आणि पथकाचे व्हिडिओही तोच शूट करून एडिट करतो. वडिलांनी तीन प्रश्न विचारलेत. वर्ष ड्रॉप करून त्याला पुन्हा जेईईला बसवावं का? एडिटिंगचा नाद कसा सोडवावा? आणि तिसरा चिडून विचारलेला: "सॉफ्टवेअर आहे तरी पुरत नाही म्हणतो. यात कॉम्प्रेशनच्या ॲडव्हान्स सेटिंग्ज नाहीत म्हणे. आता याला अजून महागडं सॉफ्टवेअर आणि नवा लॅपटॉप घेऊन द्यायचा का?" सोबत दोन कागदांचे फोटो आहेत. उत्तराची सुरुवात त्या कागदांपासूनच करते.

सप्रेम नमस्कार.

पहिला कागद हमीपत्राचा. "सीईटी होईपर्यंत मी लॅपटॉपला हात लावणार नाही, लावल्यास होणाऱ्या परिणामांना मी जबाबदार राहीन." खाली तारीख, मुलाची सही आणि साक्षीदार म्हणून त्याच्या आईची सही. हा कागद वाचून मी बराच वेळ पुढे गेलेच नाही. साक्षीदार कशाला लागतो? उद्या वाद कोर्टात गेला तर. घरात असा कागद झाला की मुलाला एकच गोष्ट कळते: आता समोर आईवडील नाहीत, दोन पक्षकार आहेत. आणि त्या माउलीला तुम्ही कुठल्या बाजूला उभं केलंत, याचा विचार केलात का? तिने सही केली, कारण न करून चाललं नसतं. तुमच्या चार पानांत तिचं मत एका ओळीतही नाही.

आणखी एक. पत्रात "आम्ही" अकरा वेळा आलंय. आम्ही ठरवलं, आम्ही क्लास लावला, आम्ही लॅपटॉप कपाटात ठेवला. मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या मुलाचं नाव तीनदा आलंय, तो आयआयटीत गेला म्हणून. तुमच्या मुलाचं नाव एकदाही नाही. तो सगळीकडे "चिरंजीव" आहे. मला त्याच्या 84 पर्सेंटाईलची काळजी वाटत नाही, ती याची वाटते.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रबाळ्याच्या कारखान्यात 22 वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाला, मोबाइलवर व्हिडिओ करून पोट भरतं, यावर विश्वास ठेवायला सांगणं सोपं नाही. पण लॅपटॉप कपाटात गेल्यावर पर्सेंटाईल वाढलं का? तुमच्याच पत्राप्रमाणे कपाटाला कुलूप लागलं जानेवारीत आणि सीईटी झाली त्यानंतर. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर करेक्टिव्ह ॲक्शन घेतली, पण दोष भलत्याच मशीनमध्ये शोधला.

आता दुसरा कागद. "बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत हे धंदे चालले होते, पुरावा पाठवत आहे," असं लिहून तुम्ही मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. पानावर पट्टीने आखलेला तक्ता आहे. विसर्जन मिरवणुकीची एकच 20 सेकंदांची क्लिप त्याने 14 वेळा एक्सपोर्ट केली आहे. प्रत्येक ओळीत बिटरेट (व्हिडिओच्या एका सेकंदाला किती डेटा द्यायचा तो आकडा), फाइलचा आकार, लागलेला वेळ आणि शेवटी शेरा. शेरे त्याच्या स्वतःच्या भाषेत आहेत: "ढोल ठीक, गुलाल फुटतो." "गुलाल कमी फुटतो, पण फाइल डबल." "स्लो केलं तरी तेच."

अहो, 22 वर्षं तुम्ही असेच तक्ते भरत आलात. ट्रायल नंबर, पॅरामीटर, रिझल्ट, रिमार्क. तुमच्या हाताखालच्या ट्रेनीने असं पान आणून दिलं असतं तर तुम्ही त्याची पाठ थोपटली असती. इथे तेच पान पुरावा म्हणून माझ्याकडे आलंय.

मुलाला काय छळतंय ते आधी समजून घ्या. फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका स्थिर चित्रात, 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाखांवर ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन बाइट आणि सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एका सेकंदाचे 155 एमबी होतात, मिनिटाचे नऊ जीबीच्या वर. त्याच्या तक्त्यातली 8 एमबीपीएसची (सेकंदाला 8 मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) ओळ पाहा: 20 सेकंदांची फाइल 20 एमबी. म्हणजे सेकंदाला फक्त एक एमबी. दीडशे भागांतला एक ठेवला, बाकी सगळं गेलं, आणि तरीही ढोल वाजवणारा ओळखू येतो. हे जमतं कसं? दोन फ्रेममध्ये फारसं काही बदलत नाही म्हणून. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, चित्राचे चौकोनी तुकडे करतो आणि हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता ते शोधतो. ढोल दोन इंच सरकला, तर पुन्हा सगळा ढोल न लिहिता "दोन इंच सरकला" एवढंच लिहितो.

गुलालाचं तसं नाही. गुलालाचा प्रत्येक कण आपल्या मर्जीने उडतो. मागच्या फ्रेममध्ये तो कुठे होता हे शोधून सापडत नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक तुकडा नव्याने लिहावा लागतो. आणि बिटरेट बांधून दिलेला असला तर ते लिहायला जागाच नसते. दर महिन्याला तेवढाच किराणा भरायचा, मग दिवाळी असो की आषाढ, असा नियम घरात केला तर दिवाळीत जे होईल तेच गुलालाचं होतं. बारीक तपशील गळतात आणि चौकोन दिसायला लागतात. त्यालाच हा पोरगा "गुलाल फुटतो" म्हणतो. इतका नेमका शब्द मला सुचला नसता.

म्हणून त्याला हव्या असलेल्या सेटिंग्ज चैनीच्या नाहीत. त्याला बिटरेट बांधायचा नाही, दर्जा बांधायचा आहे. एडिटिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते किंवा दोन-तीन बटणांमागे झाकलेली असते. त्यामागे कारणही आहे. एडिटरला काम वेळेवर द्यायचं असतं, आणि यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ यूट्यूब स्वतःच्या पद्धतीने पुन्हा एन्कोड करतोच. तेव्हा महागडं काही घेऊ नका. एडिटिंगमधून चांगल्या दर्जाची मोठी मास्टर फाइल काढायची आणि ती हँडब्रेक किंवा एफएफएमपेगमध्ये दाबायची. ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्यांत एक्स264 नावाचा एन्कोडर आहे आणि त्यात सीआरएफ नावाचा, दर्जा बांधून देणारा आकडा असतो, 0 ते 51. काही सांगितलं नाही तर तो 23 धरतो. आकडा सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. किराणा किती लागेल तो लागो, जेवण एकसारखं हवं, असा हा हिशोब. नवा लॅपटॉपही नको. जुन्यावर वेळ जास्त लागेल, एवढंच. वेगाचे दहा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग्ज, आहेत, आणि सगळ्यात संथ प्रीसेटचं नाव बनवणाऱ्यांनीच 'प्लासिबो' ठेवलंय. डॉक्टर साखरेची गोळी देतात ना, तोच. वेळ घालवल्याचं समाधान मिळतं, पदरात जवळजवळ काही पडत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मात्र मी अडून बसणार आहे. "एडिटिंग वगैरे गणित न जमणाऱ्यांसाठी ठीक आहे." चौकोनी तुकडा कमी जागेत लिहिण्याची जी युक्ती आहे तिला डीसीटी म्हणतात, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. कोसाइन म्हणजे तोच, बारावीच्या पुस्तकातला कॉस. ही कल्पना 1940 साली बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांची. 1972 साली त्यांनी अमेरिकेत तिच्यावर काम करायला अनुदान मागितलं, तर परीक्षकांना ती फारच साधी वाटली आणि अर्ज नाकारला गेला. 1974 साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी तिच्यावरचा निबंध छापला. पुढे जेपीईजी फोटो त्याच्यावर उभे राहिले, आणि 2003 साली आलेल्या ज्या एच.264 या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत आज तुमच्या फोनचे बरेच व्हिडिओ असतात, तेही त्याच जातीच्या गणितावर. जेपीईजीत त्याच्या जोडीला असतं हफमन कोडिंग, वारंवार येणाऱ्या गोष्टींना लहान खुणा देऊन जागा वाचवणारं. एमआयटीत शिकणाऱ्या डेव्हिड हफमनला सरांनी शेवटची परीक्षा किंवा निबंध, असा पर्याय दिला होता. त्याने परीक्षा चुकवायला निबंध घेतला आणि त्यातून निघालेली पद्धत 1952 साली छापून आली. परीक्षा चुकवणारी सगळीच पोरं वाया जात नाहीत, हे आपलं जाता जाता. तर गणित न जमणाऱ्यांचं हे क्षेत्र नाही. तुमचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत गणिताच्याच दारात उभा होता, फक्त दारावर पाटी नव्हती.

आता थोडं त्यालाही ऐकवते, हा भाग त्याला वाचायला द्या. बाळा, जास्त बटणं मिळाली म्हणजे जास्त कळलं, असं होत नाही. तक्त्यात 14 ओळी आहेत, पण "का" या शब्दाने सुरू होणारी एकही ओळ नाही. गुलाल फुटतो हे तू 14 वेळा पाहिलंस. तो का फुटतो, याचं उत्तर मॅट्रिसेस, ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन्स आणि प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन्समध्ये होतं, आणि हे तिन्ही धडे तुझ्या बारावीच्या पुस्तकात होते. तेव्हा वडिलांचा राग सगळाच अनाठायी नाही.

आणि तू एडिटर नाहीस. अख्ख्या पानावर कट कुठे मारला, टाळीवर की ठोक्यावर, याबद्दल एक अक्षर नाही. जातिवंत एडिटरला त्याच मिरवणुकीत झांज वाजवणाऱ्या मुलीचा चेहरा दिसला असता, तुला चौकोन दिसले. यात कमीपणा काही नाही, फक्त जात वेगळी. म्हणून एडिटिंगच्या कोर्सची चौकशीही मी करायला सांगत नाही. पुढे कधी वाटलंच तर पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचा एडिटिंगचा कोर्स पदवीनंतर करता येतो.

आता तुमचे प्रश्न. ड्रॉप नको. ड्रॉप ज्याचा त्याने मागायचा असतो, साक्षीदारासमोर नाही. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा फॉर्म भरा आणि इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन (एक्सटीसी) वर ठेवा, कॉम्प्युटर त्याच्या खाली. हा क्रम पाहून शेजारी भुवया उंचावतील, उंचावू देत. सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाज-चित्रांवर चालणारं गणित, एक्सटीसीला पोटभर शिकवतात, आणि या मुलाला तेच हवंय. कॉलेज ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ असं ट्रान्स-हार्बर लोकलच्या टप्प्यातलं बघा. नावासाठी रोज चार तास लोकलमध्ये घालवू नका. कॅपमध्ये मनासारखं नाहीच मिळालं तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस पदवी आहे, तिला जेईई लागत नाही. त्यांचीच पात्रता फेरी असते.

नोकरीचं विचाराल म्हणून खरं ते सांगते. एडिटरची कामं आपल्याकडे ढिगाने आहेत, घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट आहेत, आणि बरेच एडिटर रात्रपाळीत झिजतात. कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या प्रोग्रॅमवर, काम करणारे इंजिनिअर मोजके लागतात, बहुतेक जागा बेंगळुरू-हैदराबादकडे, आणि सी भाषा पक्की नसेल तर दारातूनच परत पाठवतात. पण गरज खरी आहे. रबाळ्याला जाता-येता तुम्हाला त्या बिनखिडक्यांच्या डेटा सेंटरच्या इमारती दिसत असतील. साठवण आणि बँडविड्थ या दोन्हींचं बिल येतं, आणि जो व्हिडिओ तोच दर्जा राखून दहा टक्के लहान करून देतो, तो ते बिल कमी करतो. नेटफ्लिक्सने 2015 साली प्रत्येक चित्रपटाला वेगळी एन्कोडिंग सेटिंग द्यायला सुरुवात केली ती यासाठीच. गुलालाला जास्त, बाकीच्याला कमी: तुमच्या मुलाची तक्रारही नेमकी हीच होती. त्यांनी दर्जा मोजायचं व्हीमॅफ नावाचं साधनही 2016 साली सगळ्यांसाठी खुलं केलं. "फुटतो", "कमी फुटतो" याऐवजी शेऱ्याच्या रकान्यात आकडा लिहायचा असेल तर मुलाने ते वापरून बघावं.

पुढचं पत्र त्याच्या हातचं येऊ द्या, तुम्ही न वाचता पोस्टात टाकलेलं. हमीपत्राचं काय करायचं ते त्याच्या आईला ठरवू द्या. आणि वहीच्या पानावर एक चूक आहे ती त्याला दाखवा. नवव्या ओळीत त्याने बिटरेट आणि फ्रेमरेट दोन्ही एकाच वेळी बदललेत, त्यामुळे फरक नक्की कशाने पडला ते कळत नाही. क्वालिटीवाल्यांच्या हे माझ्याआधी लक्षात यायला हवं होतं. ती ट्रायल परत घ्यायला सांगा. त्यासाठी लॅपटॉप कपाटातून काढावा लागेल.