किरकोळ कामाचा दर कसा ठरवावा?

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडमध्ये स्वतंत्रपणे वायरमनचे काम करतो. एक स्विच बदलायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरला बोलावले, तर किती पैसे घ्यावेत?

उत्तर : घरखर्च, पेट्रोल आणि हत्यारांची झीज यांच्या मासिक बेरजेला प्रत्यक्ष मजुरीच्या तासांनी भागावे, प्रवासाचे व रिकामे तास त्यात धरू नयेत. येणाऱ्या ताशी दरावरून, जाण्यायेण्याचा वेळ मिळवून, भेटीचे किमान शुल्क ठरवावे आणि ते फोनवरच सांगावे, कारण काम झाल्यावर सांगितलेला रास्त दरही ग्राहकाला (विशेषतः पुण्यात!) जास्त वाटतो. एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास वीज आपोआप तोडणारे बटण) वारंवार का पडते, हे शोधण्यातच खरे कौशल्य असल्याने त्याची मजुरी वेगळी लावावी. सामानाचे बिल स्वतंत्र द्यावे. जीएसटी नोंदणी नसेल, तर तो कर आकारता येत नाही.