स्पेनमध्ये आत्ता सुट्टीसाठी घर घेऊन निवृत्तीनंतर तिथेच कायमचं राहायला जावं का?

तुमचं वय चोपन्न. आलिकांतेच्या किनाऱ्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवलाय. साठीपर्यंत सुट्टीत वापरायचा, एरवी पर्यटकांना भाड्याने द्यायचा आणि नंतर दोघांनी कायमचं तिथेच जायचं. तर आत्ता घ्यावा की थांबावं, आणि भाग कोणता बरा, असं तुम्ही विचारलंय. एवढ्या मोठ्या प्रश्नात पत्नीचा उल्लेख एकदाच आलाय: "तिलाही समुद्र आवडतो." त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसले. आमचे थोरले दीर जाऊबाईंबद्दल अगदी हेच म्हणायचे.

आधी नियमांचं उरकते. घर घेतलं म्हणून स्पेनमध्ये राहण्याचा हक्क मिळत नाही. ५ लाख युरोंचं घर घेणाऱ्याला निवास परवाना देणारा गोल्डन व्हिसा २०१३ पासून होता, तो ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला. एजंट अजूनही जुन्या जाहिराती पुढे करत असतील तर त्यांच्या नादी लागू नका. पोर्तुगालनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला. युरोपीय संघाचा पासपोर्ट नसेल तर स्वतःच्या घरातसुद्धा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि त्यात शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या बाकी देशांतले दिवसही धरले जातात. त्यापुढे राहायचं तर नोकरी-धंदा न करता स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. त्यासाठी 'आयप्रेम' या सरकारी निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न दाखवायचं. २०२३ पासून तो महिना ६०० युरो आहे, म्हणजे एकट्याला वर्षाला २८,८०० युरो आणि जोडीदारासाठी आणखी ७,२००. वर खासगी आरोग्य विमा, तोही सगळा खर्च उचलणारा. साठीच्या पुढे, रक्तदाब आणि मधुमेह सोबत असताना असा विमा कोण देतं आणि कितीला, हे फ्लॅटच्या किमतीच्या आधी विचारा.

भाड्यातून हप्ते सुटतील हा हिशेबही धरू नका. ३ एप्रिल २०२५ पासून इमारतीतल्या मालकांच्या संघाची तीन-पंचमांश बहुमताने मंजुरी असल्याशिवाय नव्याने पर्यटक ठेवता येत नाहीत. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून नोंदणी क्रमांक नसेल तर ऑनलाइन जाहिरातही देता येत नाही. घर नुसतं कुलूप लावून ठेवलं तरी कर आहेच. घराच्या सरकारी मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के उत्पन्न झालं असं धरतात आणि युरोपबाहेरच्या अनिवासी मालकाकडून त्यावर २४ टक्के घेतात. रक्कम फार नसते, पण ती आपणच हिशेब करून भरायची असते.

हे सगळं कुठलाही वकील सांगेल. वकील सांगत नाही ते आता सांगते.

दिरांचं घर आलिकांते प्रांतातच होतं, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. काही वर्षं ते दोघं ऑगस्टमध्ये जायचे. निवृत्त झाल्यावर व्हिसा काढून कायमचे गेले. आम्हीही तिथे घ्यावं असा दिरांचा आग्रह होता. मी म्हटलं, आधी एक अख्खा हिवाळा भाड्याने राहून बघू. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "भाडं म्हणजे पैसे पाण्यात," हे त्यांचं ठाम मत.

आम्ही त्यांच्याच इमारतीत भाड्याने राहिलो. ऑगस्टमध्ये जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथे नोव्हेंबरात रात्री इमारतीच्या चार-पाच खिडक्यांत उजेड. बाकी सगळ्या खिडक्यांवरची शटरं खाली ओढलेली. खालचं वाणसामानाचं दुकान ऑक्टोबरात बंद झालेलं, ते थेट ईस्टरला उघडायचं. घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी, त्यामुळे हीटिंग नाही. फरशी इतकी गार की जाड मोजे घालूनही पाय ठरत नसे, आणि उत्तरेकडच्या खोलीत कपाटामागे बुरशी. पण माझ्या लक्षात राहिल्या त्या पायऱ्या. मुख्य दारातून आत आलं की सात पायऱ्या चढायच्या, मग लिफ्ट. सुट्टीवर आलेल्या माणसाला त्या दिसतही नाहीत. जाऊबाई मात्र कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायच्या, आणि दीर वर लिफ्टचं दार अडवून उभे असायचे. पाच युरोंचं दूध आणायचं तरी हेच. आम्ही मार्चमध्ये परतलो आणि घर घेतलं नाही.

दीर गेले ते त्यापुढच्या जानेवारीत, रात्री, हृदयविकाराच्या झटक्याने. मजल्यावर चार घरं, त्यातली तीन बंद. जाऊबाईंनी ११२ फिरवला. पलीकडे इंग्रजी बोलणारं माणूसही मिळालं, पण त्यांना पत्ताच सांगता येईना. पत्ता सांगायचे दीर, पत्रं उघडायचे दीर, गाडी चालवायचे दीर. शेवटी त्या विजेचं बिल हातात घेऊन त्या पायऱ्या उतरल्या, रस्त्यावर येऊन एक टॅक्सी थांबवली, बिल चालकापुढे धरलं आणि फोन त्याच्या हातात दिला. पत्ता त्याने सांगितला. अँब्युलन्स पोचली तेव्हा उशीर झाला होता. तिकडे अंत्यसंस्कार सहसा दोन दिवसांत उरकतात. मुलगा कसाबसा पोचला, मुलगी पोचू शकली नाही.

मी जाऊन जाऊबाईंजवळ राहिले. माझे नव्वद दिवस संपले तेव्हा त्यांची लेक आली. त्या काळात जे कागद हिंडवले ते लिहिते, कारण हे तुमच्या पत्नीच्या वाट्याला येऊ शकतं. घर एकट्या दिरांच्या नावावर होतं. त्यांचं मृत्युपत्र मायदेशात केलेलं, स्पेनमध्ये केलेलं नव्हतं. म्हणून ते, मृत्यूचा दाखला आणि विवाहाचा दाखला, जो जो कागद स्पेनबाहेरचा होता त्यावर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मायदेशातून घ्यायचा सरकारी शिक्का, आणि तिथल्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर. मग स्पेनच्या मध्यवर्ती नोंदवहीतून 'शेवटचं मृत्युपत्र कोणतं' याचा दाखला, जो मृत्यूनंतर कामकाजाचे १५ दिवस उलटल्याशिवाय मागताच येत नाही. मुलगा आणि मुलगी, दोघांनाही परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक काढावा लागला. तो नसेल तर वारस म्हणून सही करता येत नाही. वारसाकराचं विवरण ६ महिन्यांत भरायचं, मुदतवाढ हवी तर अर्ज पहिल्या ५ महिन्यांत. आणि या सगळ्या काळात बँकेतलं खातं गोठलेलं, त्यामुळे वीज आणि इमारतीची वर्गणी थकायला लागली.

त्यातच नावाचा घोळ. विवाहाच्या दाखल्यावर जाऊबाईंचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. स्पेनमध्ये लग्नानंतर बायका नाव बदलत नाहीत. नोटरीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारलं, यातली पत्नी कोणती? नवरा जाऊन महिना झालेला, आणि त्या बाईला आपण आपणच आहोत हे कागदाने सिद्ध करायचं होतं. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा दाखला मिळाला, पण त्यात किती आठवडे गेले ते मी पाहिलंय. त्या दिवशी नोटरीच्या कचेरीतून बाहेर आल्यावर जाऊबाई बाकावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

मग निवास परवान्याचा प्रश्न. पुढच्या नूतनीकरणाला उत्पन्न त्यांना स्वतःच्या नावावर दाखवायचं होतं, आणि दिरांच्या पेन्शनपैकी त्यांना मिळणार होती निम्मी. चौपटीचा आकडा त्यात बसत नव्हता.

त्यांनी घर विकलं. तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य फिरतंय, की मी "दादाचं स्वप्न विकायला लावलं". माझ्या नणंदेचं हे म्हणणं. प्रत्येक लग्नकार्यात ते कुणाच्या तरी तोंडून माझ्यापर्यंत येतं, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. विकायचं जाऊबाईंनी ठरवलं, आणि का ते मला स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं: "बाजारात मी बोटं दाखवून भागवते गं. डॉक्टरला काय बोटं दाखवू?" याला कुणाकडे उत्तर असेल तर त्यांनी द्यावं. स्वप्न एकाचं असेल आणि निभावायचं दुसऱ्याला असेल, तर निभावणाऱ्या माणसाला नाही म्हणायचा पूर्ण अधिकार आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. आणखी दोन वर्षं थांबलं असतं तर जास्त आले असते म्हणे. आले असते, भाव चढलेच. पण ती दोन वर्षं त्या इमारतीत एकटीने काढणार कोण होतं? हे विचारलं की सगळे गप्प बसतात. अनिवासी माणसाने घर विकलं की खरेदीदार किमतीतले ३ टक्के कापून कर खात्यात भरतो आणि जादा कापले असतील तर ते आपण मागून घ्यायचे, हेही या आक्षेप घेणाऱ्यांना माहीत नव्हतं. भाव तेवढे पाठ होते.

तेव्हा माझं मत: आत्ता घेऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे भाड्याने राहा, आणि त्यातले काही दिवस तुम्ही परत या आणि पत्नीला तिथे एकटं राहू द्या. त्यांनी एकटीने डॉक्टरची वेळ घ्यावी, बसने जाऊन यावं, बिल भरावं. तेवढं करून परत आल्यावर त्या म्हणाल्या की घेऊ या, तर खुशाल घ्या. मग मी एका शब्दाने अडवणार नाही.

भाग म्हणाल तर सुट्टीच्या वसाहतीत नको. जिथे शाळा भरते, म्हणजे जिथे माणसं बारा महिने राहतात, अशा वस्तीत घ्या. आलिकांते शहर किंवा तिथून बेनिदोर्मकडे जाणाऱ्या ट्रामच्या मार्गावरची गावं गाडी न चालवणाऱ्याला सोयीची आहेत. समुद्र दिसला नाही तरी चालेल, रुग्णालयात गाडीशिवाय पोचता आलं पाहिजे. गावाबाहेरचं शेतजमिनीवरचं बंगलेवजा घर स्वस्तात दाखवतील, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. जानेवारी २००८ मध्ये आल्मेरिया प्रांतातल्या वेरा गावाजवळ एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचं घर सरकारने पाडलं. नगरपालिकेचा बांधकाम परवाना त्यांच्याकडे होता, आंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारने तो बेकायदा ठरवला. जुना फ्लॅट घेताना मालमत्ता नोंदणीतला उतारा, ज्याला तिथे 'नोटा सिम्प्ले' म्हणतात, सहीच्या आदल्या दिवशी पुन्हा काढा. इमारतीच्या संघाकडून थकबाकी नसल्याचा दाखलाही घ्या, कारण चालू वर्षाची आणि मागच्या ३ वर्षांची वर्गणी थकली असेल तर त्या वसुलीचा बोजा घराबरोबर नव्या मालकाकडे येतो.

हेही सांगायला हवं की आमच्या ओळखीतलं एक जोडपं तिथे फार सुखात आहे. त्यातली बाई जायच्या आधीच स्पॅनिश शिकली, गाडी तीच चालवते आणि घर पहिल्या मजल्यावर आहे. वर्षभर कायदेशीर राहिल्यावर सरकारी आरोग्यसेवेत पैसे भरून शिरता येतं, पासष्टीच्या आत महिना ६० युरो आणि पुढे १५७, तेही त्यांनी केलंय. औषधांचा खर्च मात्र त्यात येत नाही. आणि तुमच्यापैकी एकाकडे युरोपीय पासपोर्ट असेल तर मी वर लिहिलेलं ९० दिवसांचं आणि चौपट उत्पन्नाचं गणित बरंच बदलतं.

घर घ्यायचंच ठरलं तर खरेदीखत दोघांच्या नावावर करा आणि त्याच फेरीत तिथल्या नोटरीकडे दोघांचीही मृत्युपत्रं करून टाका. १७ ऑगस्ट २०१५ पासून युरोपीय नियमाने मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा वारसा कायदा निवडता येतो. निवडला नाही तर शेवटी जिथे राहत होतात तिथला लागतो, आणि स्पेनच्या सर्वसाधारण कायद्यात दोन-तृतीयांश वाटा मुलांसाठी राखीव असतो. पत्नीची माहेरची आणि सासरची नावं वेगळी असतील तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला आत्ताच काढून, अपोस्टील करून, खरेदीखताच्याच फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे ते त्यांना दाखवून ठेवा.