पोतं आणि पोते

मस्कत, शुक्रवार

लाडक्या चिऊस,

काल फोनवर तू विचारलंस, "पप्पा, शिवाजी महाराजांच्या बारा महालांत पहिलं नाव 'पोते' आहे. म्हणजे आपल्या ओसरीतलं ज्वारीचं पोतं का?" मी घाईत म्हणालो, "नाही गं, पोते म्हणजे खजिना." रात्री पडल्या पडल्या वाटलं, उत्तर अर्धंच दिलं. तुझा प्रश्न जास्त बरोबर होता.

महाल म्हणजे इथे राजवाडा नव्हे, राज्याचं खातं. कोठी धान्याची, पागा घोड्यांची, थट्टी गाईगुरांची, टांकसाळ नाणी पाडायची. आणि रोख पैसा जिथे जमा व्हायचा ते पोते.

हा शब्द फारसी 'फोता'वरून आला. फोता म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, पैशाची थैली आणि सरकारात भरायचा सारासुद्धा. इथल्या दुकानात अरबी गिऱ्हाईक टॉवेलला 'फूता' म्हणतं, तो याच शब्दाचा भाऊ. कापडाचा खजिना कसा झाला म्हणशील, तर आजीकडे बघ. बाजाराला निघताना ती नोटा कनवटीला खोचते ना? राज्याचा पैसाही असाच कापडात बांधला जायचा. थैलीचं नाव मग थैल्या ठेवायच्या जागेला आणि त्या खात्यालाही पडलं. म्हणजे तुझं ज्वारीचं पोतं आणि महाराजांचं पोते, दोन्ही मुळात एकच शब्द.

पोत्याचा हिशेब लिहायचा तो पोतनीस आणि पैसा सांभाळायचा, नाणी पारखायचा तो पोतदार, म्हणजे मूळचा 'फोतेदार'. मला पोतदाराचं काम सगळ्यात जोखमीचं वाटतं. तेव्हा बाजारात एकाच छापाचं नाणं नव्हतं. सोन्याचे होन होते, तांब्याच्या शिवराया होत्या, निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये होते. कुठे चांदी कमी, कुठे नाणं झिजलेलं. पोतदार ते वाजवून, तोलून बघायचा आणि कमी भरेल तेवढा बट्टा कापायचा. कुणब्याने वर्षभर राबून आणलेल्या रुपयाची किंमत त्या एका माणसाच्या बोटांवर ठरायची. "घराण्याच्या नावाला बट्टा लागू देऊ नको," असं आजोबा म्हणतात, तो हाच बट्टा.

'खजिना' अरबी आहे. मी काम करतो त्या गोदामावर 'मख्झन' अशी पाटी आहे. दोन्ही शब्द साठवण्याच्या एकाच धातूतले. संस्कृतात कोश. कौटिल्याने राज्याची सात अंगं सांगितली, त्यातलं ते एक. धुळ्याच्या सरकारी पाटीवरचं 'कोषागार' त्यावरूनच.

आणि खजिन्याची एक गोष्ट तर आपल्याच मातीत घडली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला इंग्रज सरकारचा खजिना शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली, आणि ती गेली स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी. आपल्या शेतकऱ्यांच्या साऱ्यावर भरलेला तो खजिना होता. म्हणून त्याला लूट म्हणताना माझी जीभ अजूनही अडखळते.

सुट्टीत आजोबांबरोबर त्या रस्त्याने जाशील तेव्हा चिमठाण्याला उतर, स्मारक बघ. आणि कनवटीला आपल्या अहिराणीत काय म्हणतात ते आजीला विचारून मला कळव. मी विसरलोय.

तुझे पप्पा