वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ गेमचं संग्रहालय पाहायला जाताना

प्रश्न : मुलगा बर्लिनला नोकरी करतो. नातवाने तिथलं व्हिडिओ गेमचं संग्रहालय बघायचा हट्ट धरलाय. मी आयुष्यात एकही गेम खेळलेली नाही. मला तिथे कळण्यासारखं काही असेल का? किती वेळ हाताशी ठेवावा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भरपूर आहे, आणि एका यंत्राची तयारी तर तुम्ही घरबसल्या करू शकता.

आधी रस्ता. संग्रहालयाचं नाव कॉम्प्युटरश्पीलेम्युझियम, पत्ता कार्ल-मार्क्स-आले ९३ अ. यू-५ या भुयारी रेल्वेने वेबरवीजे स्थानकावर उतरायचं. मुख्य रेल्वे स्थानकाहून गाडी थेट जाते. आलेक्झांडरप्लात्झहून बसलात तर तिसरं स्थानक. कागदी तिकीट काढलं असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट तपासनीस धरत नाही, दंड ६० युरो. संग्रहालयात दोन ते तीन तास लागतात. नातू बरोबर आहे म्हणजे तीनच धरा. पावसाळी शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी, दार उघडतानाच पोचलात तर यंत्रांपुढे ताटकळावं लागत नाही. फलक जर्मन आणि इंग्रजीत आहेत.

हे संग्रहालय बर्लिनमध्ये पहिल्यांदा १९९७ साली सुरू झालं, २००० मध्ये बंद पडलं आणि जानेवारी २०११ मध्ये आताच्या जागी पुन्हा उघडलं. आत गेल्यावर नातू धावेल मारिओकडे, म्हणजे जपानी कंपनी निन्टेन्डोच्या गाजलेल्या गेमच्या नायकाकडे. तुम्ही आधी ‘निमरॉड’ची प्रतिकृती शोधा. फेरांटी या ब्रिटिश कंपनीने १९५१ साली बांधलेला हा संगणक एकच काम करायचा : ‘निम’ नावाचा खेळ खेळायचा. लंडनमधल्या प्रदर्शनानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात तो बर्लिनला आणला गेला. पश्चिम जर्मनीचे तेव्हाचे अर्थमंत्री आणि पुढे चॅन्सेलर झालेले लुडविग एरहार्ड त्याच्याशी खेळले आणि हरले.

निम चिंचोक्यांनी खेळता येतो. तीन ढीग करा : ३, ४ आणि ५ चिंचोक्यांचे. आपल्या पाळीला कुठल्याही एकाच ढिगातून हवे तितके उचलायचे, निदान एक तरी. शेवटचा चिंचोका उचलेल तो जिंकला. मशीन जिंकायचं ते असं : प्रत्येक ढीग चार, दोन आणि एक अशा गटांत फोडायचा. ३ म्हणजे २ + १. ४ म्हणजे नुसते ४. ५ म्हणजे ४ + १. आता सारखे गट मोजा. चारचे गट दोन, जोडी जमली. एकचे गट दोन, जोडी जमली. दोनचा गट मात्र एकटाच पडला. म्हणून पहिल्या ढिगातून २ उचला. उरले १, ४, ५ आणि सगळ्या जोड्या पूर्ण. यानंतर समोरच्याने काहीही उचललं तरी कुठली तरी जोडी मोडतेच. तुम्ही ती पुन्हा जमवायची. शेवटपर्यंत हे न चुकता केलंत तर हरणं शक्य नाही. जाण्याआधी आठवडाभर नातवाबरोबर खेळा. या यंत्रात चित्रं नाहीत, पळणारी माणसं नाहीत, आणि तरीही त्याच्यासमोर लोक का खिळून राहायचे ते तुम्हाला तिथे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं यंत्र चुकवू नका : ‘पॉली-प्ले’. पूर्व जर्मनीत बनलेलं हे एकमेव नाण्यांवर चालणारं गेम मशीन. कार्ल-मार्क्स-श्टाट (आताचं केमनित्झ) इथल्या सरकारी कारखान्यात १९८५च्या सुमाराला ते तयार होऊ लागलं. आतला प्रोसेसर पाश्चात्त्य झेड-८० चिपची नक्कल, पडदा म्हणून घरगुती रंगीत टीव्ही, आणि एका पेटीत आठ गेम. त्यातला ‘ससा आणि लांडगा’ म्हणजे चक्रव्यूहात भुतं पाठलाग करतात तो ‘पॅकमॅन’ गेमच. भुतांच्या जागी सोव्हिएत कार्टूनमधले लांडगे घातले. ही यंत्रं कामगार संघटनांच्या विश्रामगृहांत आणि युवक केंद्रांत ठेवलेली असत. एकीकरणानंतर बहुतेक मोडीत निघाली, त्यामुळे चालू स्थितीतलं यंत्र दिसणं दुर्मीळ आहे. बर्लिनमध्येच हे पाहण्यात अर्थ आहे. मारिओ तुम्हाला कुठेही भेटेल.

उभं राहून पाय दुखत असतील तर जुन्या दिवाणखान्यांसारख्या मांडलेल्या खोल्यांत बसून घ्या.

प्रश्न : त्याच संग्रहालयात शॉक देणारं यंत्र आहे म्हणतात. आठ वर्षांच्या मुलाला चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ते ‘पेनस्टेशन’. कोलोनच्या दोन कलाकारांनी २००१ मध्ये केलेली ही कलाकृती मोठ्यांसाठीच आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहून पडद्यावर चेंडू टोलवायचा ‘पाँग’ हा गेम खेळायचा, डावा हात धातूच्या पट्टीवर ठेवायचा. चेंडू सुटला की पट्टी तापते, विजेचा झटका बसतो किंवा लहानसा चाबूक हातावर फिरतो. हात उचलला की हरलात. पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी त्याच्या वाटेला जाऊच नये. मुलासाठी माणसाएवढी मोठी जॉयस्टिक आहे. तिच्यावर एकट्याचं भागत नाही : एकाने दांडा ढकलायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं.

प्रश्न : जपानमध्ये निन्टेन्डोच्या संग्रहालयात गेलो. लहानपणी डोळे मिटून खेळायचो तो मारिओ तिथे हातातून निसटत होता, पहिल्याच खड्ड्यात पडलो. वय झालं की मशीन वेगळं होतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वयाचा दोष नाही. मशीनचा वेग वेगळा होता.

भारतात दूरदर्शनने ‘पाल’ ही पद्धत घेतली : ६२५ रेषा, आणि पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो. जपानमध्ये ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० वेळा. त्या काळच्या गेमचं घड्याळ पडद्याला बांधलेलं असे. पडदा एकदा रंगला की मारिओ एक पाऊल पुढे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेली यंत्रं बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती गेम यंत्राच्या नकला होत्या. त्या पाल टीव्हीवर ५०च्या गतीने चालत, पण कॅसेटमधला प्रोग्राम जपानी, म्हणजे ६० साठी लिहिलेला. त्यामुळे आपला मारिओ मूळ वेगापेक्षा सहाव्या हिश्श्याने सावकाश पळायचा. तुमचा अंगठा त्या चालीला तयार झालेला आहे. जपानमध्ये तोच गेम तुमच्या सवयीपेक्षा वीस टक्के जलद.

बर्लिनला गेलात तर? युरोपातही पालच होतं, पण निन्टेन्डोने युरोपसाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या प्रोग्राममध्ये पळण्या-उडण्याचे आकडे बदलून वेग बराचसा भरून काढला होता. म्हणून तिथलाही मारिओ डोंबिवली-पुण्याच्या मारिओशी जुळणार नाही. पुढच्या वेळी पहिला अर्धा मिनिट पुढे न जाता सुरुवातीच्या सपाट जागेवर नुसतं पळा आणि उड्या मारा. अंगठा लवकर सुधारतो.

याच कारणाने चांगली संग्रहालयं जुने डबा टीव्ही जपतात. काही गेम त्यांच्याशिवाय चालतच नाहीत. टीव्हीवरची बदकं मारायची खेळातली बंदूक घ्या. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या फेरीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो उजेड त्याच क्षणी दिसतोय का एवढंच बघतो. शिवाय डबा टीव्हीचा पडदा रेषारेषांनी सेकंदाला सुमारे १५ हजारांच्या गतीने लुकलुकतो. संवेदकापुढची गाळणी फक्त ते लुकलुकणं आत सोडते, म्हणून दिव्याकडे बंदूक रोखून फसवता येत नाही. सपाट टीव्हीवर चित्र उमटायला थोडा उशीर होतो आणि त्याचा उजेड रेषांनी लुकलुकत नाही. परिणाम : प्रत्येक नेम चुकतो. जपानच्या संग्रहालयातली मोठ्या पडद्यावरची बंदूक नव्याने बनवलेली आहे, आत ही जुनी युक्ती नाही.

प्रश्न : त्याच निन्टेन्डो संग्रहालयाचं तिकीट ऐन वेळी मिळतं का? दहा नाण्यांची काय भानगड आहे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दारावर तिकीट मिळत नाही. विमानाचं तिकीट पक्कं करण्याआधी याचा विचार करा.

संग्रहालय क्योतोजवळ उजी शहरात आहे. कंपनीच्या १९६९ साली बांधलेल्या जुन्या कारखान्यात ते २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालं. प्रवेश सोडतीने. निन्टेन्डोचं ऑनलाइन खातं उघडायचं, ज्या महिन्यात जायचं त्याच्या तीन महिने आधीच्या महिन्यात अर्ज करायचा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला निकाल. डिसेंबरसाठी सप्टेंबरात अर्ज, १ ऑक्टोबरला निकाल. उरलेल्या जागा नंतर ‘पहिला येईल त्याला’ तत्त्वावर निघतात, म्हणून नंबर लागला नाही तरी संकेतस्थळ बघत राहा. सुरुवातीपासूनचे दर : मोठ्यांना ३,३०० येन, १२ ते १७ वयाला २,२००, ६ ते ११ वयाला १,१००, त्याहून लहानांना फुकट. पैसे क्रेडिट कार्डाने. मंगळवारी बंद. दारावर ओळख तपासतात, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. क्योतोहून किन्तेत्सु रेल्वेने ओगुरा स्थानकावर उतरून पाच मिनिटं चालायचं. गाडी लावायला जागा नाही.

प्रवेशपत्रावर प्रत्येकाला दहा नाणी मिळतात. ती जादा विकत मिळत नाहीत, आणि सगळी यंत्रं एकेकदा खेळायची म्हटलं तरी दहात भागत नाही. बंदुकीच्या खेळाला ४ लागतात. राक्षसी रिमोटला २, घरात क्रिकेटसारखा चेंडू टोलवण्याच्या ‘अल्ट्रा मशीन’ला २, पकडीच्या ‘अल्ट्रा हँड’ला १, आणि जुना कुठलाही गेम सात मिनिटं खेळायला १. आमचा सल्ला : राक्षसी रिमोट, अल्ट्रा मशीन आणि अल्ट्रा हँड इथे पाच घाला, कारण हे दुसरीकडे नाही. राक्षसी रिमोटला दोघं लागतात, जोडीदार ठरवून जा. उरलेल्या पाचांत बंदूक आणि एक जुना गेम बसतो. जुने गेम घरीही खेळता येतात, त्यावर जास्त नाणी घालवू नका.

वरच्या मजल्यावरच्या मुख्य प्रदर्शनात फोटो काढू देत नाहीत. तिथे पत्त्यांपासून बघायला सुरुवात करा. ही कंपनी १८८९ मध्ये क्योतोत ‘हानाफुदा’ नावाचे फुलांचे पत्ते बनवायला निघाली होती, आणि हे पत्ते स्वतः करून बघण्याचा छोटा वर्गही वेगळे पैसे भरून करता येतो.

प्रश्न : माळ्यावर १९९६ च्या सुमाराचा टीव्ही गेम सापडला, पिवळ्या कॅसेटींसकट. चालू करून बघावा का? एखाद्या संग्रहालयाला देता येईल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लगेच प्लग लावू नका. अशा यंत्रांचा घात सहसा अडॅप्टर करतो. बहुतेकांना ९ व्होल्ट डीसी लागतं, आतला ७८०५ रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करतो. पण पिनेच्या मधल्या टोकाला प्लस की मायनस हे यंत्रागणिक बदलतं. यंत्राच्या पाठीवरची खूण बघा, मल्टिमीटरने अडॅप्टरची दिशा मोजा. उलट जोडलंत तर रेग्युलेटरबरोबर चिपही जाऊ शकते. जुना जड अडॅप्टर मोजताना कधी कधी १२-१३ व्होल्ट दाखवतो. भार नसताना, म्हणजे यंत्राला न जोडता मोजलं तर, एवढं जास्त दिसणं नेहमीचं आहे.

मग झाकण उघडून बोर्ड बघा. नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेत का, बुडाशी चिकट द्रव आहे का? असेल तर ते बदलून घ्या, काही रुपयांचं काम आहे. आपल्या पावसाळ्यात मात्र जास्त त्रास होतो तो गंजाचा. कॅसेटच्या ६० पिनांवर हिरवट थर असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, पाच मिनिटं सुकू द्या. पेन्सिलचं खोडरबर अगदीच गरज पडली तर, हलक्या हाताने. ते सोनेरी मुलामा खरवडतं. आणि तोंडाने फुंकू नका. फुंकल्यावर गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसल्यामुळे. तोंडातली वाफ पुढे पिना गंजवते.

जोडताना अँटेनाची वायर नको, पिवळी-पांढरी एव्ही वायर वापरा. नव्या टीव्हीला पिवळं भोक नसेल तर बहुतेक वेळा हिरव्या भोकात पिवळी पिन चालते. इनपुट ‘एव्ही’ निवडा. चित्र काळं-पांढरं आलं तर मेन्यूमध्ये रंगपद्धत ‘पाल’ करा. डबा टीव्ही असेल तर त्याचं मागचं झाकण उघडू नका. बंद असतानाही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

कॅसेटीत काळा डांबरासारखा थेंब दिसेल. त्याखाली उघडी चिप चिकटवलेली असते. ती गेली की बदलता येत नाही, म्हणून चालणारी कॅसेट जपा. ‘९९९९ गेम’ लिहिलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात थोडेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात. वेगळे किती, ते एकदा खेळून लिहून ठेवा.

संग्रहालयाला न विचारता पार्सल पाठवू नका. जागा आणि जकात या दोन्ही गोष्टी त्यांना आधी बघाव्या लागतात. पत्रात सहा फोटो जोडा : समोरून, मागून, खालचा छाप, उघडलेला बोर्ड, रिमोट, खोका. कुठल्या गावात, कुठल्या साली, केवढ्याला घेतला ते लिहा. खोका आणि दुकानाचं बिल असेल तर आवर्जून सांगा. नकलेची यंत्रं जगभर लाखोंनी झाली, पण कोल्हापुरातल्या दुकानाच्या बिलासकट असलेलं यंत्र इथे मुलं काय खेळत होती याचा पुरावा आहे. तोवर सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, रबरी बटणांवर वजन येऊ देऊ नका आणि वायरींना घट्ट घडी घालू नका.