प्रश्नोत्तरे : पडद्यावरची रेषा आणि तिच्यामागचा बीम

प्रश्न : एका टोकाला पक्का बांधलेला, ३ मीटर लांबीचा भरीव पोलादी कॅंटिलिव्हर मी फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे रचनेचे छोटे भाग (एलिमेंट) करून गणित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बीम एलिमेंट वापरून मॉडेल केला आहे. छेद १०० मि.मी. रुंद व ३०० मि.मी. उंच आहे, मोकळ्या टोकावर १० किलोन्यूटनचा भार खालच्या दिशेने आहे आणि इलॅस्टिक मॉड्युलस (पदार्थाच्या ताठरतेचे माप) २०० गिगापास्कल घेतला आहे. हाताने गणित केल्यास टोक २ मि.मी. खाली यायला हवे. सॉफ्टवेअर मात्र १८ मि.मी. दाखवते. भार, मटेरियल आणि एकके मी पुन्हा पुन्हा तपासली. चूक कुठे असू शकेल?

उत्तर : आपण आधी हाताने गणित केलेत, म्हणूनच ही चूक सापडली, नाहीतर १८ मि.मी. हा आकडाही अगदी खरा वाटला असता. १८ला २ने भागल्यास ९ येतात, आणि आपल्या छेदाची उंची रुंदीच्या तिप्पट असल्यामुळे त्याच्या दोन मोमेंट ऑफ इनर्शियांचे (छेद वाकण्याला किती विरोध करतो हे सांगणाऱ्या आकड्यांचे) गुणोत्तरही नेमके ९ आहे : उभ्या छेदासाठी २२.५ कोटी आणि आडव्या छेदासाठी २.५ कोटी मि.मी.चा चतुर्थ घात. याचा अर्थ आपला बीम मॉडेलमध्ये उभा नसून आडवा पडला आहे.

बीम एलिमेंट म्हणजे दोन नोडांमधली, म्हणजे एलिमेंट जिथे जोडले जातात त्या बिंदूंमधली, एक रेषा. पहिल्या नोडपासून दुसऱ्या नोडकडे जाणारा स्थानिक क्ष-अक्ष त्या रेषेवरूनच ठरतो, पण छेद त्या रेषेभोवती किती फिरलेला आहे हे रेषेला ठाऊक नसते. ते वेगळे सांगावे लागते. नॅस्ट्रान या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दिशादर्शक व्हेक्टर किंवा तिसरा नोड देतात, स्टाड या सॉफ्टवेअरमध्ये बीटा कोन देतात, तर ॲबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये आपण काहीच दिले नाही तर ग्लोबल झेडची ऋण दिशा गृहीत धरली जाते. दिशादर्शक व्हेक्टर बीमच्या अक्षाला समांतर असून चालत नाही, कारण त्या दोघांनी मिळून एक प्रतल ठरायला हवे. म्हणूनच आडव्या बीमसाठी नेहमीच्या सवयीने दिलेला उभा व्हेक्टर खांबांसाठी निरुपयोगी ठरतो. चुकीचे दुसरे कारण नावांच्या गोंधळात असते. नॅस्ट्रानमध्ये पहिला मोमेंट ऑफ इनर्शिया हा पहिल्या प्रतलात वाकण्याचा असतो, तर इतर अनेक ठिकाणी तो ज्या अक्षाभोवती वाकायचे त्या अक्षाच्या नावाने ओळखला जातो, आणि एका सॉफ्टवेअरमधले आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे उतरवले की दोन्हींची अदलाबदल होते. आपण छेदाचे त्रिमितीय चित्र दाखवणारा पर्याय चालू करून पाहावा. ज्या प्रोग्रॅममध्ये छेदाचा आकार न देता केवळ आकडे भरले जातात तिथे हे चित्रही मदतीला येत नाही, आणि मग आपण केलेली ही हातगणिताची कसोटी हाच भरवशाचा मार्ग उरतो.

प्रश्न : दोन्ही टोकांना पिन (वळू देणारा सांधा) असलेला एक तिरपा ब्रेस, म्हणजे आधाराचा दांडा, मी एकाच एलिमेंटने काढला होता आणि ॲनालिसिस व्यवस्थित चालत होते. नंतर बारीक निकाल हवेत म्हणून एडिट करून त्याचे चार भाग केले, तर समीकरणे सोडवणारा सॉल्व्हर मॅट्रिक्स सिंग्युलर असल्याचे, म्हणजे समीकरणांना एकच उत्तर निघत नसल्याचे, सांगून थांबला. एलिमेंट तोडल्याने रचना अस्थिर कशी होते?

उत्तर : बहुधा तोडताना एंड रिलीज (टोकाला फिरण्याची दिलेली सूट) चारही भागांवर नकलले गेले आहेत. मूळ एलिमेंटच्या दोन टोकांना दिलेली सूट आता प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना मिळाली, त्यामुळे मधल्या तीन नोडांपाशीही बिजागऱ्या तयार झाल्या आणि ब्रेस साखळीसारखा सैल पडला. पहिल्या तुकड्याच्या आरंभी आणि शेवटच्या तुकड्याच्या शेवटीच रिलीज ठेवा, मधले सगळे काढून टाका. याच वेळी हेही पाहा की दोन्ही टोकांना पीळाची, म्हणजे स्वतःच्या अक्षाभोवती फिरण्याची सूट दिलेली नाही. तशी दिली असेल तर बीम दोन्ही टोकांत मोकळा गरगरू शकतो आणि न तोडलेला एलिमेंटही सिंग्युलर ठरतो.

तोडणे ही एडिटिंगमधली सर्वांत साधी वाटणारी आणि म्हणूनच सर्वांत कमी तपासली जाणारी क्रिया आहे, असे माझे मत आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत जाणारा भार असेल तर प्रत्येक तुकड्यासाठी मधल्या किमती काढाव्या लागतात, आणि निमुळत्या बीमच्या छेदांबाबतही तेच. दिशा उलटवण्याच्या आज्ञेचेही असेच आहे. नोडांचा क्रम बदलला की स्थानिक क्ष-अक्ष उलटतो. दिशादर्शक व्हेक्टर तोच राहिला तर त्याच्या दिशेचा अक्ष कायम राहतो, पण तिसरा अक्ष उलटतो. आय सेक्शनच्या ताठरतेवर त्याचा परिणाम होत नाही, परंतु चॅनलचे तोंड विरुद्ध बाजूला वळते, स्थानिक अक्षांत दिलेले भार दिशा बदलू शकतात आणि आरंभीचे रिलीज शेवटी जाते. सॉफ्टवेअर यांतले काय सांभाळते आणि काय सांभाळत नाही हे प्रोग्रॅमगणिक वेगळे असते, म्हणून एका एलिमेंटवर ती आज्ञा चालवून आधी आणि नंतरचा तपशील शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेषा पडद्यावर जोडलेल्या दिसल्या तरी सामाईक नोड नसेल तर त्यांच्यात बल जात नाही. आधार काढून मॉडेलचे मोड, म्हणजे कंपनाचे नैसर्गिक प्रकार, काढल्यास एकसंध त्रिमितीय रचनेला शून्य वारंवारितेचे नेमके ६ मोड मिळायला हवेत. सातवा आला तर कुठेतरी तुटलेला सांधा किंवा जास्तीची बिजागरी आहे, आणि त्या मोडच्या चित्रातच ती जागा दिसते.

प्रश्न : १० मि.मी. जाडीच्या प्लेटखाली १० मि.मी. रुंद आणि १०० मि.मी. खोल पट्ट्या स्टिफनर म्हणून ४०० मि.मी. अंतरावर आहेत. प्लेटसाठी शेल (पातळ पृष्ठभागाचे एलिमेंट) आणि पट्ट्यांसाठी बीम एलिमेंट घेऊन दोन्हींचे नोड सामाईक ठेवले तर पुरेसे आहे का?

उत्तर : नाही, कारण तसे केल्यास पट्टीचा मध्य प्लेटच्या मध्यात बसतो, तर प्रत्यक्षात ती प्लेटच्या खाली लटकत असते. दोन्हींच्या मध्यांतले अंतर ५ अधिक ५०, म्हणजे ५५ मि.मी. आहे, आणि तेवढा ऑफसेट (नोडपासून बाजूला सरकवणे) बीमला दोन्ही टोकांशी द्यायला हवा. फरक किती पडतो ते पाहा. ४०० मि.मी. रुंदीची प्लेट आणि एक पट्टी असा एक भाग घेतला, तर ऑफसेटशिवाय मोमेंट ऑफ इनर्शिया सुमारे ८.६७ लाख येतो. ऑफसेट दिल्यावर दोघांचा सामाईक मध्य प्लेटच्या मध्यापासून ११ मि.मी. खाली सरकतो आणि मोमेंट ऑफ इनर्शिया सुमारे ३२.९ लाख मि.मी.चा चतुर्थ घात होतो. म्हणजे ऑफसेट विसरल्यास आपल्या मॉडेलची ताठरता प्रत्यक्षाच्या जवळपास एक चतुर्थांशच राहील. ऑफसेट कोणत्या अक्षांत मोजला जातो, नोडच्या की एलिमेंटच्या, हे आधी पाहून घ्या, कारण अधिक-उणे चिन्ह उलटे पडले तर पट्टी प्लेटच्या वर जाते. एकट्या सपाट प्लेटचे डिफ्लेक्शन त्याने बदलणार नाही, आणि म्हणूनच ही चूक निकालांत लपून राहते. ताणाची आणि दाबाची बाजू मात्र बदललेली असते.

प्रश्न : एका बीमसाठी किती एलिमेंट घ्यावेत?

उत्तर : ते एलिमेंटच्या सूत्रावर आणि प्रश्नावर अवलंबून आहे. घनबहुपदीवर आधारलेला ऑयलर-बर्नुली एलिमेंट, जसे ॲबॅकसमधले बी-३३, केवळ नोडांवर भार असलेल्या समान छेदाच्या स्थिर, रेषीय प्रश्नात एका एलिमेंटनेही तंतोतंत उत्तर देतो. शिअर विचारात घेणाऱ्या टिमोशेंको प्रकारातला रेषीय एलिमेंट मात्र तसा नाही. ॲन्सिस या सॉफ्टवेअरमधला बीम-१८८ मूळ सेटिंगमध्ये याच जातीचा आहे; वरच्या कॅंटिलिव्हरसारख्या सडपातळ बीमसाठी असा एकच एलिमेंट घेतला तर वाकण्याचे डिफ्लेक्शन २५ टक्के कमी येते, आणि चार घेतल्यास ही तूट सुमारे १.६ टक्क्यांवर येते. त्या एलिमेंटचे द्विघाती किंवा त्रिघाती रूप निवडणे हा दुसरा उपाय आहे.

बकलिंगमध्ये, म्हणजे दाबाखाली खांब अचानक बाजूला वाकण्याच्या प्रश्नात, मात्र घन एलिमेंटवरही विसंबून राहू नये. दोन्ही टोकांना पिन असलेल्या खांबासाठी एका एलिमेंटने मिळणारा क्रांतिक भार खऱ्या उत्तरापेक्षा २१.६ टक्के जास्त, म्हणजे धोक्याच्या बाजूचा, येतो. दोन एलिमेंट घेतले की हीच चूक पाऊण टक्क्यावर येते.