पूर-वादळ आलं की लोकांनी एकमेकांना धीर द्यावा की चूक कोणाची ते विचारावं? गोव्यातला अनुभव काय?

या प्रश्नावर लिहिणार नव्हतो. पण आधीच्या एका उत्तरात कुणीतरी लिहिलंय, 'गोंयकार दोष देत बसत नाही, सुशेगाद पुन्हा उभा राहतो.' ते वाचलं आणि राहवलं नाही. गळ्यापर्यंत पाण्यात उभा असलेला सुशेगाद, म्हणजे निवांत, माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

मी सत्तरी तालुक्यातला. निवृत्त मास्तर, इतिहास शिकवायचो. आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, उतरत उतरत म्हादईला भिडतं, घर मात्र वर आहे. 1982 चा हुंवार, म्हणजे पूर, मी पाहिलाय. तेव्हा पाणी नदीकडून आलं आणि नदीकडेच परत गेलं. त्यामुळे 23 जुलै 2021 च्या पहाटे लाइट गेल्यावर आम्ही सगळे बॅटऱ्या घेऊन पुढच्या पडवीत, नदीकडे डोळे लावून बसलो होतो. पोफळी कमरेएवढ्या बुडाल्या, तरी पायऱ्यांना अजून वेळ होता. आणि मागून काकीची हाक आली.

काकी म्हणजे आमची शेजारीण, ऐंशीच्या पुढची. तिचं मातीचं घर आमच्या मागे, व्हाळ (ओढा) आणि आमच्या कंपाऊंडच्या मधल्या पट्टीत. नदीपासून आमच्यापेक्षाही लांब, आणि पाणी पहिलं तिच्याकडे शिरलं. वाड्यावरच्या पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आमच्या माळीवर आणलं. सातच्या सुमारास तिची मागची भिंत गेली. मातीची भिंत कोसळत नाही, खाली बसते, दमलेल्या माणसासारखी. काकी वरून बघत होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "उदक फाटल्या दारांतल्यान कशें आयलें रे?" पाणी मागच्या दारातून कसं आलं रे?

माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही.

टीव्हीवर त्या दिवशी चिपळूण आणि तळिये होतं, आणि ते बरोबरच होतं, तिथे माणसं गेली होती. आमच्याकडे रगाडा नदीवरचा पैकुळचा पूल गेला. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, हजाराच्या आसपास घरांचं नुकसान, असं मुख्यमंत्री म्हणाले. त्या हजारात काकीचं एक. पुढचे तीन दिवस म्हापसा-मडगावची अनोळखी पोरं येऊन चिखल उपसत होती, कुणी पाव आणले, कुणी गाद्या. आशा म्हणतात ती हीच असेल तर माझं तिच्याशी काहीच भांडण नाही.

भांडण आहे ते दहा दिवसांनी देवळाच्या मंडपात झालेल्या सभेशी. व्यासपीठावरचे एक पाहुणे म्हणाले, ही निसर्गाची करणी, ही वेळ बोटं दाखवायची नव्हे. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळी वाजवली आमच्या दादाने, माझ्या थोरल्या भावाने.

का वाजवली ते सांगतो. 2016 साली आम्ही मागच्या बाजूला चिऱ्यांचं कंपाऊंड घातलं, पाच फुटी. मागच्या व्हाळाला पूर आला की जादा पाणी आमच्या बागेतून नदीला जायचं, वडिलांच्या आधीपासून. मी म्हटलं, मोरी ठेव, पाणी जायला भिंतीत वाट. दादा म्हणाला, मोरीतून रानडुकरं येतात. मी म्हटलं, लोखंडी गज लाव. तो म्हणाला, गजात पाला अडकतो, काढायला तू येणार का? दादा फोंड्याला राहतो आणि चवथीला, गणपतीला, येतो, तरी विचारतो, तू येणार का! शेवटी मोरीशिवाय भिंत उभी राहिली आणि तिने पाणी काकीच्या दारात अडवून धरलं. तिची भिंत बसल्यावर तासाभराने आमची मधोमध फुटली.

त्या सभेत निम्म्या लोकांच्या तोंडी 'कर्नाटकाने पाणी सोडलं' हेच होतं. वर्षभर आपण ओरडतो की कर्नाटक म्हादईचं पाणी पळवतो, आणि पूर आला की त्यानेच पाठवलं. मी उठून भिंतीचं बोलणार होतो, दादाने सदरा ओढून खाली बसवलं. 2018 च्या केरळच्या पुराला पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ मानवनिर्मित म्हणाले, तेव्हा हाच दादा मला फोन करून म्हणाला होता, बघ, खरं बोलायला छाती लागते.

वर्गात मी लिस्बनचा भूकंप शिकवायचो. 1 नोव्हेंबर 1755. मालाग्रिदा नावाच्या पाद्रीने सांगितलं, हा तुमच्या पापांचा कोप. सत्ता पोर्तुगालच्या राजाच्या मंत्र्याकडे, पोंबालकडे होती. त्याच्या कारभारात प्रत्येक पॅरिशला प्रश्नावली गेली: धक्के किती वेळ बसले, काय काय पडलं? पुढे मालाग्रिदाला त्याने मरणाच्या वाटेला लावलं, ते सोडा, तो काही साधू नव्हता. पण पाप शोधणं आणि पाणी कुठून आलं ते शोधणं, या दोन गोष्टी मुलांना कळायच्या. दादाला अजून कळत नाहीत. भिंतीचं नाव काढलं की म्हणतो, तू मला खुनी ठरवतोस.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: विचारावं. 'आता वेळ नव्हे' म्हणणाऱ्याला वेळ कधी ते तारीख-वारासकट विचारावं.

हे सगळीकडे लागू नाही, तेही सांगायला हवं. चिखल निघेपर्यंत, भिजलेल्या माणसाला पेज मिळेपर्यंत, तोंड बंद ठेवावं. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा खांबावर चढलेल्या लाइनमनला खालून शिव्या देणारे मी पाहिलेत, तसलं विचारणं नको. आणि 2 ऑक्टोबर 2009 ला काणकोणात काही तासांत डोंगर खाली आले, तळपण आणि गालजीबाग या नद्या घराघरांत शिरल्या. तसल्या पावसापुढे कुणाची मोरी पुरणार होती? आणखी एक. कंपाऊंडचे निम्मे पैसे माझे होते. सदरा ओढल्यावर मी बसलो, तो दादाच्या ताकदीमुळे नव्हे. काकीला मी सांगितलं ते वर्षभराने. तिला आधीच माहीत होतं.

तिचं घर सिमेंटचं झालंय आता. आमच्या भिंतीचं भगदाड अजून तसंच आहे, फुटलेले चिरे अंगणात रचून ठेवलेत. यंदाच्या चवथीला दादा म्हणाला, ठीक आहे, मोरी ठेवू, पण एक फुटाची.

दादा, हे तुझा मुलगा तुला वाचून दाखवेलच. एक फुटात पाला अडकतो. अडीच. गज मी साफ करीन.